सडकी मेथी

बहिरू पिंगळेला उत्तम ऐकू येतं. हे आधीच सांगून टाकते, कारण बँडवाल्याचं नाव बहिरू म्हटलं की माणसं हसतात आणि पुढचं ऐकत नाहीत. नाव भैरवनाथाचं आहे. आणि कान एवढा तयार, की मेथीची पिशवी घेऊन आमच्या लिफ्टमधून वर येताना त्यानं सांगितलं, "मॅडम, हिचं खालचं बेअरिंग चाललं." मी सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवलं. सेक्रेटरी हसले. अकराव्या दिवशी बेअरिंग गेलं तेव्हा आत सेक्रेटरीच होते. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

बहिरू मातोरीचा. वय सत्तेचाळीस, रान अडीच एकर. त्यात मेथी, कोथिंबीर, कधी गवार, कधी दोडका. रोज सकाळी गंगापूर रोडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचा छोटा टेम्पो उभा राहतो. बायको छाया मागे बसून जुड्या बांधते आणि हा पुढे उभा राहून विकतो. विकता विकता टेम्पोच्या फळीवर बोटं वाजवतो. मी रोज रागावते, "बहिरू, बोटं भाजीला लावा." तो म्हणतो, "लावली ना मॅडम, हा भाजीचाच ठेका हाय."

लग्नसराईत हाच माणूस सोनेरी झालरीचा लाल कोट चढवून धोंडीरामनानांच्या बँडच्या गाडीवर, सिंथेसायझरच्या मागे बसतो. बावीस वर्षं बसतोय. त्याच्याआधी तो त्याच बँडमध्ये खुळखुळा वाजवायचा. मग ऐन लग्नतिथीला सिंथेसायझरवाला सिन्नरच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि जागा रिकामी झाली. बहिरूला भजनी मंडळाच्या पेटीवर बोटं फिरवायची सवय होती, नानांनी त्याला उचलून खुर्चीवर बसवलं. "पहिले तीन दिवस मी काळ्या पट्ट्यांना हातच लावला नाय," असं तो सांगतो. "म्हटलं, त्या मालकाच्या असतील." पेटी वाजवणाऱ्या माणसाला काळ्या पट्ट्या ठाऊक नसतील का? रचून सांगतो. पण छान सांगतो.

तर ती खुर्ची यंदा जायच्या बेतात होती.

झालं असं, की नानांचा भाचा हर्षल नवंकोरं वाद्य घेऊन आला. त्याच्याकडे पेनड्राइव्हवर विकत घेतलेले शेकडो टोन. टोन म्हणजे आवाज. एका बटणावर सनई, दुसऱ्यावर संबळ, तिसऱ्यावर आणखी काही. नानांना भाचाही दुखवायचा नव्हता आणि बहिरूही. म्हणून त्यांनी सर्वांत वाईट उपाय काढला, स्पर्धा. वैशाखात सटाण्याकडे एक हळद होती. नाना म्हणाले, "अर्धा तास तू, अर्धा तास हर्षल. ज्याच्या वाजवण्यावर बायका नाचायला उठतील, तो पुढच्या सगळ्या तिथी गाडीवर बसंल."

ह्या हळदीच्या आठ दिवस आधी बहिरू गोधडीत गुंडाळलेला सिंथेसायझर घेऊन माझ्या दारात उभा राहिला. सोबत एकशे चाळीस पानांचं माहितीपुस्तक.

"मॅडम, हे लय इंग्रजी हाय. आपल्याला एवढंच करायचंय, सगळे टोन पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचे. पेटी जुनी झाली, उन्हात बंद पडली तर माझं सगळं गेलं. यातला एकही टोन जाता कामा नाय."

त्यानं योग्य माणूस निवडला होता. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं बॉयलरचं पाणी तपासलं. तिथे माझा एकच नियम होता. बाटलीवर लेबल नसेल तर बाटली ओतून टाकायची, लेबल असेल तर त्यावर विश्वास ठेवायचा. एकतीस वर्षं ह्या नियमानं मला दगा दिला नाही.

सिंथेसायझरच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. मी ती ओढून काढली. खाली इंग्रजी अक्षरांत चौसष्ट नावांची यादी निघाली. मेथी, मेथी दोन, गवार, दोडका, कारले, भोपळा लाल.

"बहिरू, ही काय भाजीची यादी आहे?"

"टोन हायेत मॅडम. मेथी म्हणजे सनई, गवार म्हणजे व्हायोलिन."

"मग सनई असं लिहायला काय होतं?"

"तसं कोण लिहितं?" त्याला माझीच कीव आली. "दुसऱ्या बँडची पोरं गाडीवर चढून पडद्यात डोकावत्यात. नाव वाचलं की टोन उचलला. म्हणून वरून चिकटपट्टी, आणि चिकटपट्टी निघाली तर खाली भाजी."

हा मूर्खपणा आहे असं मी म्हटलं. तो हसला, पेटी माझ्याकडे ठेवली आणि टेम्पोकडे गेला.

दोन दिवस मी पुस्तक वाचलं. समजायला काही अवघड नाही, लोक उगाच घाबरतात. यंत्रातला प्रत्येक आवाज म्हणजे पन्नाससाठ आकड्यांची यादी. आवाज किती जोरात सुरू व्हावा, किती वेळ घुमावा, किती थरथरावा, असे आकडे. एडिट दाबून ते बदलता येतात. बदललेला आवाज मात्र कुठेच ठेवलेला नसतो, तो नुसता हवेत असतो. दुसऱ्या टोनवर गेलात की संपला. ठेवायचा असेल तर राइट, म्हणजे 'लिही', हे बटण दाबायचं, चौसष्टपैकी एक खण निवडायचा आणि पुन्हा राइट दाबायचं. त्या खणात आधी जे असेल ते कायमचं पुसलं जातं. हे वाक्य पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. मी ते मोठ्यानं वाचल्याचं मला आठवतं.

सत्त्याण्णवाव्या पानावर आणखी एक गंमत होती. एडिट धरून ठेवायचं आणि रँडम दाबायचं. मग यंत्र सगळे आकडे स्वतःच मनाला येतील तसे भरतं आणि जगात कधीच नसलेला एक आवाज तुमच्यापुढे टाकतं. ह्या खेळाचा टोन उतरवण्याशी काडीचा संबंध नव्हता. मी दाबलं.

पहिल्यांदा बादलीत पडलेली शाळेची घंटा वाजली. दुसऱ्यांदा दाढेचा डॉक्टर. मग मागे येणारा ट्रक, मग एक म्हैस, मग काहीच नाही, मग तीच म्हैस पाण्याखाली. दुपारचा चहा राहिला. एकेचाळीसाव्यांदा दाबलं आणि मी जागीच बसले. एकलहऱ्याचा टर्बाइन हॉल! तोच खोल, वाफेनं भरलेला, पायाच्या तळव्यांतून वर येणारा घुमारा. निवृत्तीनंतर मी तो ऐकला नव्हता आणि मला तो आठवत असेल असंही कधी वाटलं नव्हतं.

हा आवाज जाऊ द्यायचा नाही, हे ठरलं. पण चौसष्ट खण भरलेले. मी यादी खालीवर केली आणि एकसष्टाव्या खणाशी थांबले. तिथे लिहिलं होतं, सडकी मेथी. म्हणजे टाकाऊ माल. टर्बाइन तिथे ठेवला. राइट, पुन्हा राइट. घाणेरडी बाटली धुवून जागच्या जागी ठेवल्यासारखं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी बहिरू पेनड्राइव्ह घेऊन आला. म्हटलं, आधी माझा आवाज ऐका. ऐकला. चांगला हाय म्हणाला. मग खण पाहिला आणि सोफ्यावर बसला. हा माणूस माझ्या सोफ्यावर कधी बसत नाही, मातीचे कपडे म्हणतो.

"मॅडम, इथं सडकी मेथी व्हती."

"होती. खराब होती ना?"

"ती पावरी व्हती."

पावरी म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं, फुंकून वाजवायचं वाद्य. बागलाणात, म्हणजे सटाण्याच्या भागात, हळदीला पावरी वाजली नाही तर बायका जागच्या हलत नाहीत, मग तुम्ही काहीही वाजवा. खरी पावरी वाजवणारे आता थोडे उरले, म्हणून बँडवाले तो आवाज सिंथेसायझरवर काढतात. सगळ्यांचा सारखाच, विकतचा, प्लॅस्टिकचा. बहिरूचा तसा नव्हता. त्यानं तो तीन वर्षं खपून कानानं बनवला होता.

"मग तिला सडकी का म्हटलंत?" मी ओरडले. चूक माझी असली की मी जरा जास्त ओरडते.

"सगळ्यात भारी माल हाय म्हणून." तो शांतपणे म्हणाला. "बाजारात चांगली जुडी वर ठेवत्यात न् सडकी खाली दडवत्यात. चोर बी तेच शिकलेला असतो. सडक्याला कोण हात लावंल?"

मी लावला. लेबल वाचता येणारी आणि त्यावर विश्वास ठेवणारी, पंचक्रोशीतली एकमेव चोर.

आकडे लिहून ठेवलेत का, विचारलं. नाही. दुसरीकडे कुठे उतरवलेत का? "तेच तर तुमच्याकडं करायला आलो व्हतो," तो म्हणाला. उरलेले त्रेसष्ट टोन मी त्याच मिनिटाला पेनड्राइव्हवर उतरवले, आणि मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर, आणि मग तिसऱ्या.

हळद पाच दिवसांवर आली होती.

पावरी पुन्हा बनवायची तर छाया हवी, असं बहिरूचं म्हणणं पडलं. छाया सटाण्याकडची. तिचा मामा पावरी वाजवायचा, तिचं लहानपण त्या आवाजात गेलं. पहिल्या वेळीही परीक्षक तीच होती. हा ओट्यावर पेटी घेऊन बसायचा आणि ती जुड्या बांधता बांधता 'नाही' म्हणायची. तीन वर्षं नाहीच म्हणाली. एका संध्याकाळी तिचा हात थांबला, तिनं मान वर केली, आणि ह्यानं राइट दाबलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी भाजी विकून झाल्यावर दोघं माझ्या हॉलमध्ये आली. छायानं वर्तमानपत्र पसरलं, दुसऱ्या दिवसाची कोथिंबीर ओतली आणि बांधायला बसली. आधी बहिरूनं सनईचे आकडे फिरवून पाहिले. फिरवता फिरवता तो जास्तच घाबरत गेला. आठवून केलेलं काही जुळेना. शेवटी मी म्हटलं, यंत्राला करू द्या. मी रँडम दाबीन, तुम्ही वाजवा, छाया सांगेल. आणि प्रयोगशाळेतल्यासारखी वही सुरू केली. क्रमांक, आवाज, शेरा.

ती वही माझ्याकडे आहे. क्रमांक सात: डास, मोठा. क्रमांक तेवीस: देवळातली घंटा, पण रागावलेली. क्रमांक चाळीस: सेक्रेटरी. (हा आवाज नव्हता. ते तक्रार घेऊन आले होते. मी लिफ्टच्या बेअरिंगची आठवण करून दिली, ते खाली गेले. जिन्यानं.) क्रमांक अठ्ठ्याऐंशीला बहिरू एकदम सावरून बसला. "ही शे का?" बायकोची मनधरणी करायची असली की तो तिच्या बोलीत शिरतो, 'आहे'चं 'शे' होतं.

छायानं मान वर केली नाही. "हाई पावरी नई शे. हाऊ कुकर शे."

खरंच होता. दोन शिट्ट्या आणि मग सुस्कारा. तरीही मी तो, आधीच उतरवून घेतलेल्या एका टोनच्या खणात, ठेवून द्यायला लावला. का, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

तीन दिवस हेच. छाया म्हणे, ह्यात फुंक नाही. पावरी वाजवताना माणूस गाल फुगवून दम साठवतो, तो दम ऐकू यायला हवा. हे सगळे आवाज पोट नसलेले आहेत. चौथ्या दिवशी कंटाळून मी माझा टर्बाइन लावला. म्हटलं, निदान मला तरी बरं वाटेल.

छाया म्हणाली, "ह्यात दम आहे."

बहिरूनं माझ्याकडे पाहिलं, मी बहिरूकडे. त्यानं टर्बाइन बारीक केला आणि त्याच्यावर मेथी दोन ठेवली, म्हणजे सनईच, जरा नाकातली. सुरुवात संथ केली, थरथर वाढवली, मग कमी केली. आणि एक हळदीची चाल धरली. छायानं मान वर केली नाही. तिचा हातही थांबला नाही. बहिरूचा चेहरा पडला, पण तो वाजवत राहिला, आणि वाजवता वाजवता त्याची नजर छायाच्या मांडीवर गेली.

"मॅडम," तो हळू म्हणाला, "राइट दाबा."

"पण ती कुठे थांबली?"

"जुडी बघा."

छायाची जुडी कशी असते ते मला अकरा वर्षं माहीत आहे. एक काडी जास्त देणार नाही. तिच्या हातातल्या त्या जुडीत तीन जुड्यांची कोथिंबीर गेली होती आणि ती अजून भरतच होती. मी राइट दाबलं. खण निवडला. पुन्हा दाबलं.

"पावरी झाली का मग?" मी विचारलं.

"पावरी नाही," छाया म्हणाली. आता तिला जुडी दिसली होती आणि ती भराभर काड्या परत काढत होती. "पण वाजवा."

नाव द्यायची वेळ आली. बहिरूनं टाइप केलं, भेंडी किडकी. मी हरकत घेतली नाही. उलट मीच म्हटलं, तो कुकर काढा. आणि कुकरचं नाव माझ्या हातानं टाइप केलं, ओरिजिनल पावरी नंबर एक. आयुष्यात मी लावलेलं हे एकमेव खोटं लेबल.

हळद सकाळी नऊची होती. मी छायाबरोबर बँडच्या जीपमधून गेले. घरात बसून निकाल ऐकणं मला जमलं नसतं. मांडवासमोर गाडी लागली, बहिरू लाल कोट घालून पोहे खायला गेला. चिकटपट्टी तो त्या दिवशी लावायला विसरला. निदान मला तरी तो तसंच सांगतो. मी गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. हर्षल आला. देखणा पोरगा, केसांना काहीतरी चोपडलेलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. म्हातारी बाई म्हणजे सामान, असा त्याचा समज असावा. पडद्यावर बोट फिरवत गेला, थांबला, खिशातून पेनड्राइव्ह काढला, लावला, एक टोन उतरवला आणि निघून गेला. मी काही बोलले नाही. निवृत्त माणसानं दुसऱ्याच्या कामात लुडबुड करू नये.

आधी बहिरूचा अर्धा तास. पहिली पाच मिनिटं तो नुसती सनई वाजवत बसला आणि मी मनात त्याला वाटेल ते बोलले. मग त्यानं बटण बदललं. मांडवात हळद लावणाऱ्या बायकांचे हात जरा सावकाश झाले. एका म्हातारीनं पदर खोचला. मग तिच्या शेजारणीनं. मग मला मोजता येईना.

माझ्या मागे दोन म्हातारे बसले होते. एक म्हणाला, "हाई आमनी नई. हाई सुरगानाकडनी पावरी शे." सुरगाण्याकडचे एक पाहुणे पलीकडे होते, ते म्हणाले, "छे, आमची अशी नसते. ही कळवणची." कळवणचं कोणी आलेलं नव्हतं, म्हणून वाद तिथेच मिटला. ती एकलहऱ्याची आहे हे मी सांगितलं नाही.

मग हर्षल बसला. त्याचं वाद्य चांगलं होतं, बोटंही वाईट नव्हती. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. स्वतःचे टोन वाजवले असते तर दोनचार बायका नक्की नाचत राहिल्या असत्या. पण बहिरूनं उठवलेल्या बायका खाली बसायच्या आत काहीतरी जोरदार हवं म्हणून त्यानं तो पेनड्राइव्ह लावला, नंबर एक निवडला आणि आवाज पूर्ण वर केला.

दोन शिट्ट्या झाल्या आणि सुस्कारा सुटला. सगळ्या बायकांनी एकदम स्वयंपाकाच्या शेडकडे पाहिलं. शेडमधून आचारी पळत बाहेर आला आणि ओरडला, "कुणी लावला कुकर? मी वरण पातेल्यात टाकलंय!" हर्षल घाबरून आणखी पट्ट्या दाबत सुटला. आणखी कुकर झाले. नवरीसुद्धा हसली, गालावरची वाळलेली हळद तडकली.

धोंडीरामनाना गाडीपाशी आले. "हे कुठनं आणलंस?" त्यांनी विचारलं. हर्षलला सांगता येईना. सांगणार काय? नानांनी बहिरूला नुसती खूण केली आणि बहिरू खुर्चीवर जाऊन बसला. उरलेल्या तिथींबद्दल कोणी एक शब्द काढला नाही, म्हणजे ठरलं.

परत येताना जीपमध्ये मी म्हटलं, "त्या पोराला एकदोन टोन शिकवा. नुसती चोरी किती दिवस करील?"

"शिकवीन की," बहिरू म्हणाला. "पयला कुकरच शिकवतो. आता त्यालाच येतो तो."

छाया खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, मामा असता तर त्यानं ह्या पावरीला नावं ठेवली असती. मग म्हणाली, पण नाचला असता.

भेंडी किडकी आता चार पेनड्राइव्हवर आहे. तीन मातोरीला आणि एक माझ्या कपाटात. माझ्याकडच्या पेनड्राइव्हवर मी लेबल लावलं आहे. त्यावर काय लिहिलंय ते इथे सांगत नाही. हर्षल असल्या गोष्टी वाचतो की नाही, मला माहीत नाही.